चेंडू कुणाच्या शेतात गेला?

दर रविवारी सकाळी त्रिशरण-पंचशील झालं की विहाराच्या ओट्यावर आम्ही आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा वर्ग घेतो. गणित, इंग्रजी, जमलं तर थोडा इतिहास. भूगोलाकडे आमचंही दुर्लक्षच होतं. दहावीला ४० गुणांचा पेपर, आणि "पाठ केलं की येतो" ही सगळ्यांची समजूत. मागच्या उन्हाळ्यात सहज म्हणून आम्ही पोरांना सांगितलं, तुम्ही जिथं क्रिकेट खेळता त्या मैदानाचा नकाशा काढा.

नववीतल्या एका पोरानं काढलेला नकाशा आम्ही अजून जपून ठेवलाय. मधे खेळपट्टी, एका अंगाला ओढा, एका अंगाला शाळेची मागची भिंत, बाकी सगळी शेतं. प्रत्येक शेतावर त्यानं खूण केली होती. बरोबरची खूण म्हणजे इथं चेंडू गेला तर जाऊन आणता येतो. त्रिकोण म्हणजे मालक ओरडतो, पण सालगडी आपल्यातलाच आहे, तो फेकून देतो. आणि फुली म्हणजे इथं गेलेला चेंडू गेला. आम्ही विचारलं, फुलीच्या शेतात षटकार मारला तर? पोरगा म्हणाला, "दादा, तिकडं मारला की आऊट. तसा नियमच आहे आमचा. शिव्या खाण्यापेक्षा आऊट बरा."

मित्रांनो, हा नियम कुठल्याही क्रिकेट मंडळाच्या पुस्तकात नाही. तो गावानं लिहिलाय आणि आमच्या पोरांनी पाठ केलाय. फुलीचं शेत बॅटिंग करणाऱ्याच्या लेग साइडला येतं, म्हणून आमच्या वस्तीतली पोरं लेगला मारायलाच शिकलेली नाहीत. उद्या यातला एखादा तालुक्याच्या निवड चाचणीला गेला तर तिथला प्रशिक्षक म्हणेल, तंत्र कच्चं आहे. तंत्र कुठून कच्चं राहिलं, हे त्याला कळायचं असेल तर त्यानं आधी तो नकाशा बघायला हवा.

पोरानं मोठ्या हौसेनं तो नकाशा शाळेत प्रकल्प म्हणून दिला. परत आला तेव्हा वर लाल शेरा होता: प्रमाण नाही, दिशा नाही, अनावश्यक खुणा. प्रमाण आणि दिशा नव्हती हे खरंच आहे, आणि ती चूक पोराची नाही, आमची. आम्हीच शिकवलं नव्हतं. पण "अनावश्यक खुणा"? त्या नकाशात भूगोल होता तो त्या खुणांमध्येच होता.

पुढं काही दिवसांनी त्याच शाळेत "खेळातून भूगोल" नावाचा उपक्रम झाला. हल्ली राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये क्रीडा-एकात्मिक अध्ययनाचा उल्लेख असल्यामुळं असे उपक्रम ठिकठिकाणी होतात. भारताच्या कोऱ्या नकाशात आयपीएलचे संघ भरा. जगाच्या नकाशात ऑलिंपिकची शहरं दाखवा. केनियाचे धावपटू का जिंकतात? कारण तो उंच पठारी प्रदेश आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले, ग्रुपवर गेले.

आमचा या उपक्रमाला विरोध नाही, हे आधीच सांगतो. खेळातून भूगोल शिकवायलाच हवा. ज्या पोराला समोच्चरेषा म्हणजे काय ते सांगता येत नाही, त्याला मैदानाचा उतार कुठल्या बाजूला आहे आणि पावसाचं पाणी कुठं साचतं हे डोळे मिटून सांगता येतं. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्याला एप्रिलमध्ये खेळपट्टीवर चेंडू भेगेत पडून कसाही वळतो तेव्हा आपोआप समजतं. वानखेडेच्या लाल मातीवर चेंडू उसळतो आणि आपल्याकडं का बसतो, एवढ्या एका प्रश्नावर मृदेचा आख्खा धडा शिकवता येतो. ताकद आहे या पद्धतीत. आमचा विरोध आहे तो खेळ आणि भूगोल या दोन्हींतून माणूस काढून टाकण्याला. कारण आपल्या देशात माणूस काढला की जात लपते, आणि जात लपवलेला भूगोल सवर्णांच्या सोयीचा असतो.

केनियाचंच घ्या. उंचीवर हवा विरळ, म्हणून फुप्फुसं मजबूत, म्हणून पदकं. सोपं उत्तर आहे. पण बोलिव्हियातलं ला पाझ तर साडेतीन हजार मीटरहून उंच आहे. तिथून का नाही निघत मॅरेथॉनवाल्यांची रांग? केनियातलं इतेन हे गाव सुमारे २४०० मीटरवर आहे. तिथल्या सेंट पॅट्रिक्स या माध्यमिक शाळेत १९७६ साली ब्रदर कॉम ओ'कॉनेल नावाचे आयरिश शिक्षक आले. ॲथलेटिक्सचं त्यांना काही शिक्षण नव्हतं. ते आले होते भूगोल शिकवायला! पुढं त्यांनी पोरांना धावायला शिकवलं, आणि त्यांच्या हाताखालून जे घडले त्यांत २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम करणारा डेव्हिड रुडिशा आहे. डोंगर तिथं हजारो वर्षं होताच. शाळा, शिक्षक, आधी धावून गेलेल्यांची उदाहरणं आणि धावलो तर पोट भरेल ही आशा, हे सगळं माणसांनी उभं केलं.

हा मुद्दा आम्ही एवढा लावून का धरतो? कारण "भूमी माणसाला घडवते" आणि "जन्म माणसाला घडवतो" ही एकाच घराण्यातली वाक्यं आहेत. "तुमची पोरं मुळातच काटक असतात हो, खेळात घाला त्यांना," हे आम्ही शाळेच्या स्टाफरूममध्ये कौतुकाच्या सुरात ऐकलंय. काटक! म्हणजे डोक्याचं काम आमच्या पोरांनी करावं आणि अंगाचं तुमच्या पोरांनी. चातुर्वर्ण्याला ट्रॅकसूट घातला तरी तो चातुर्वर्ण्यच राहतो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकतो, तेव्हा वर्तमानपत्रं लिहितात, लहानपणी शाळेला धावत जायचा, केवढी जिद्द. भूगोलाच्या तासाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. शाळा इतकी लांब का होती? त्याच जिल्ह्यातून दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात, पोरं सोबत जातात, आणि त्यांची शाळा व मैदान दोन्ही सुटतं. पर्जन्यछाया, जमिनीची मालकी, कारखान्यांचा पट्टा, स्थलांतर. एका धावपटूच्या गावातून हे सगळं शिकवता येतं. शिकवतात का?

राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात २०१८ पासून भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. खेळातून भूगोल शिकवायला याहून चांगली संधी कुणाला मिळाली असती! पण वर्गात ब्राझील म्हणजे ॲमेझॉन, कॉफी आणि पेले. ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून चाळीस लाखांहून अधिक माणसं गुलाम म्हणून आणली गेली आणि गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८८ साली, हे सांगितल्याशिवाय तिथली लोकसंख्या समजत नाही आणि फुटबॉलही समजत नाही. रिओच्या वास्को द गामा क्लबनं १९२३ साली काळ्या आणि कष्टकरी खेळाडूंच्या जोरावर शहराचं विजेतेपद जिंकलं. पुढच्याच वर्षी प्रतिष्ठित क्लबांनी वेगळी लीग काढली आणि वास्कोला अट घातली, तुमचे १२ खेळाडू काढा. कारणं काय? कुणाला लिहिता-वाचता येत नाही, कुणाचा धंदा प्रतिष्ठित नाही. वास्कोनं लेखी नकार दिला. ज्या महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्यांच्या महाराष्ट्रात हा धडा शिकवताना वर्गात गुलामगिरी हा शब्दही उच्चारला जात नसेल, तर तुलना कशाशी चाललीय? मानौसचं स्टेडियम घ्या. ॲमेझॉनच्या जंगलातल्या शहरात ते नव्यानं बांधलं, आणि २०१४ च्या विश्वचषकाचे तिथं झाले फक्त चार सामने. एवढ्या खर्चात कुणाचं काय झालं, हा भूगोलाचाच प्रश्न आहे.

ब्राझील लांब राहू द्या, आपल्याकडं येऊ. एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ तारखेला मिरजेहून रेल्वेनं पाच लाख लिटर पाणी लातूरला पोचलं. १३ तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायचा आदेश दिला. खेळपट्ट्या आणि मैदानांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागणार, हा आकडा त्या वेळी चर्चेत होता. १४ तारखेला बाबासाहेबांची १२५ वी जयंती. ज्यांनी २० मार्च १९२७ ला महाडला पाण्यासाठी सत्याग्रह केला त्यांची जयंती आपण त्या वर्षी टँकरच्या रांगेत घागरी लावून साजरी केली.

आता हिशेब पोरांना करू द्या. ६० भागिले ५. लातूरला आलेल्या तसल्या १२ गाड्या. मिरजेत कृष्णेचं पाणी कुठून येतं, लातूरचं का आटतं, मराठवाड्यात ऊस कुणी लावला, धरणाच्या खालच्या बाजूला कोण राहतं. आयपीएलचे संघ नकाशात भरायला आमची ना नाही, फक्त प्रत्येक संघापुढं मैदान हिरवं ठेवायला पाणी कुठल्या नदीचं लागतं, हा एक रकाना वाढवा. बघा मग तास किती रंगतो.

तसाच चेंडू. लेदरचा चेंडू हातात घ्या आणि पोरांना विचारा, हा आला कुठून? मेरठ किंवा जालंधर. तिथं हा धंदा कसा गेला? फाळणीआधी त्याचं मोठं केंद्र होतं सियालकोट. १९४७ ला कारागीर आणि मालक इकडं आले, धंदा सोबत आला. सियालकोट आजही विश्वचषकाचे फुटबॉल बनवतं. एका चेंडूत फाळणी, स्थलांतर, उद्योगांचं स्थानिकीकरण सगळं बसतं. आणि त्या चेंडूचं कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं, कुणी शिवलं? हा प्रश्न आला की वर्गात शांतता पसरते. ज्या कातड्याला हात लावतात म्हणून बाप अस्पृश्य, ज्या कातड्यासाठी २०१६ च्या जुलैत उनामध्ये तरुणांना गाडीला बांधून मारलं, तेच कातडं लाल रंग देऊन मैदानात आलं की ते पँटीला घासून चकाकवतात. भूगोलाच्या पुस्तकात चर्मोद्योग एका ओळीत येतो: कच्चा माल, बाजारपेठ, वाहतूक. कामगाराची जात त्या ओळीत नसते.

इथं कुणीतरी म्हणणारच, मैदानावर जात नसते, उगाच खेळात राजकारण आणू नका. त्यांना दोनच ठिकाणं नकाशात दाखवायला सांगा. पहिलं, हरिद्वारजवळचं रोशनाबाद. ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या महिला हॉकी संघाचा अर्जेंटिनाकडून पराभव झाला, आणि वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फुटले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. कोण वंदना? त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक करणारी, ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारी पहिली भारतीय महिला. दुसरं ठिकाण, गुजरातमधल्या पाटण जिल्ह्यातलं काकोशी. जून २०२३. शाळेच्या मैदानावर सामना चालला होता, बघायला आलेल्या एका दलित मुलानं चेंडू उचलला. त्यावरून धमक्या, आणि त्यानंतर मुलाच्या काकाचा अंगठा कापला गेला.

अंगठा. एकलव्याची गोष्ट वर्गात सांगताना मास्तर म्हणतात, ती जुनी, पुराणातली. काकोशी २०२३ मधलं आहे.

आमच्या पोराची फुली अनावश्यक कशी, ते आता त्या शेरा मारणाऱ्या सरांनी सांगावं. काकोशीत तो नकाशा त्या मुलाच्या मनात काढलेला नव्हता, एवढाच फरक. आमच्या पोरांनी आपला जीव वाचवणारा नकाशा स्वतः तयार केलाय आणि शाळा त्याला गुण द्यायला तयार नाही.

आता थोडं आपल्याच लोकांशी बोलू, कारण सगळं शाळेवर ढकलून आपली सुटका नाही. आम्ही हे काम सुरू केलं तेव्हा चळवळीतल्याच एका ज्येष्ठानं सुनावलं, "विहारात बॅट-बॉल आणलात? बाबासाहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला, आणि तुम्ही पोरांना उन्हात पळवता." भावना आम्हाला समजते. स्टाफरूममधल्या "काटक" या शब्दाचा राग आम्हालाही आहे, आणि त्या रागातूनच आपण खेळ सोडून देतो. पण सोडून दिलेली जागा रिकामी राहत नाही. ती दुसऱ्याच्या नावावर चढते.

पालवणकर बाळूंचं नाव आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करायचे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना मात्र त्यांचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. संघाला त्यांची गोलंदाजी चालत होती, कप चालत नव्हता. कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत मिळालं नाही. ते १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळालं. मुंबईत मरीन ड्राइव्हला जा, पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना आजही ओळीत उभे आहेत, समुद्राकडं तोंड करून. शहराचा भूगोल धर्मानं कसा वाटला गेला, ते पाहायला याहून सोपी क्षेत्रभेट नाही. १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हे आम्हाला माहीत आहे. त्यामुळं आपण त्यांना विसरलो असू तर ते चूक आहे. राजकारणातला विरोध आणि मैदानातला वाटा हे दोन वेगळे हिशेब आहेत.

आणि मुली. हा भाग लिहिताना आम्हाला लाज वाटते. त्या दिवशी वर्गात सात मुली होत्या. त्यांनीही नकाशे काढले. पोरांच्या नकाशात मैदान मधोमध. मुलींच्या नकाशात मैदान एका कोपऱ्यात, आणि त्याला वळसा घालून जाणारा रस्ता ठळक. हातपंप, रेशन दुकान, पीठगिरणी, आजीचं घर. आम्ही विचारलं, मैदानातून का नाही जात, जवळ पडतं की. एक म्हणाली, "पोरं खेळत असतात ना दादा." हे गावातल्या पाटलाच्या पोरांविषयी नव्हतं. आमच्याच वस्तीतल्या, निळा झेंडा लावलेल्या पोरांविषयी होतं. म्हणजे फुली मारणाऱ्यांत आम्हीही आहोत. धाराशिवच्या सारिका काळेंना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा स्टेटस ठेवणारे आम्हीच, आणि संध्याकाळचं मैदान पोरींसाठी तासभर रिकामं न करणारेही आम्हीच. आता मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पाच ते सहा मैदान मुलींचं आहे. कुरकुर झाली, अजून होते.

म्हणून शाळांना आमचं सांगणं थोडक्यात असं. आयपीएलचे नकाशे खुशाल भरून घ्या, पण सुरुवात शाळेच्या स्वतःच्या मैदानापासून करा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात आठवीपर्यंतच्या शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. तुमच्या शाळेला आहे का? नसेल तर पोरं कुठं खेळतात? ती जमीन कुणाची? कुठल्या वस्तीपासून किती अंतरावर? दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा क्षेत्रभेट आहे. बस ठरवून समुद्रकिनारी न्यायची ऐपत नसेल तर शाळेच्या मागं चला, पाचशे मीटरमध्ये आख्खा अभ्यासक्रम सापडेल.

आणि साथींनो, शाळेची वाट बघत बसू नका. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत हे उद्यापासून करता येतं. पंधरा मीटरचा टेप, एक होकायंत्र (मोबाइलमधलं चालतं), आलेखाचे कागद. तलाठ्याकडून गाव नकाशा आणि मैदानाचा सात-बारा काढा, पोरांना गट नंबर वाचायला शिकवा. आमच्याकडं हे केलं तेव्हा एक गंमत निघाली. ज्या फुलीच्या शेताला पोरं घाबरत होती, त्याच्या बांधाचा एक पट्टा गाव नकाशात ओढ्यालगतची सरकारी वाट म्हणून दाखवलाय. वाट नांगरून शेतात घेतलेली आहे. चेंडू ज्या जागी पडतो, ती जागा निदान कागदावर तरी सगळ्यांची आहे. याचं पुढं काय करायचं, ते वस्तीतल्या मोठ्यांशी बोलून ठरवू. पोरांना पुढं घालून भांडण लावायचं नाही, एवढं आम्ही पक्कं केलंय.

नकाशा पुन्हा काढून झालाय. या वेळी उत्तर दिशा आहे, प्रमाण आहे: एक सेंटीमीटरला दहा मीटर. खेळपट्टी २०.१२ मीटर, दोनदा टेप लावून मोजलेली. मुलींनी आपला वळशाचा रस्ता त्यात तुटक रेषेनं घातलाय, आणि मैदानाचे त्यांचे वार व वेळ बाजूला लिहिलेत. सूचीत विहीर, ओढा, शाळा, मंदिर, विहार, सगळं क्रमानं आहे. फुली पण आहे, आणि तिच्यापुढं पोरानं पेननं स्वच्छ अक्षरात लिहिलंय, "येथून चेंडू परत येत नाही." जूनमध्ये शाळा उघडली की नकाशा पुन्हा त्याच सरांच्या टेबलावर जाईल.

जय भीम!